ठणका

गाणं भूषणच्या पाठीवर आलं, डाव्या खांद्याच्या पात्याखाली, जिथं त्याचा स्वतःचा हात पोचत नाही. पहिल्यांदा ते मुगाच्या दाण्याएवढं होतं, लाल आणि तापलेलं. मी म्हटलं, आंब्यांची उष्णता आहे, ताक पी. तो आरशाकडे पाठ करून मान वळवत म्हणाला, "आंब्याचं नाही हे. आंब्याचं असतं तर नुसतं दुखलं असतं. हे तालात ठणकून राहिलंय."

भूषण माझा नवरा आणि आमच्या बँडचा ड्रमर. निखिलेश बोबडे गिटार वाजवतो. मी गाते आणि गाणी लिहिते. बँडचं नाव खारपाण, कारण आम्ही तिघंही अकोल्याच्या त्या पट्ट्यातले, जिथं विहिरीला खारं पाणी लागतं. आमची गाणी आमचे नातेवाईक ऐकत, आणि तेही आम्ही समोर असलो तर. निखिलेशनं वडिलांना सांगून टाकलं होतं की हा शेवटचा उन्हाळा. यंदा काही झालं नाही तर तो मुकाट्यानं त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसेल.

प्रॅक्टिस आम्ही एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात करायचो. कोपऱ्यात जुना कापूस पडलेला असे आणि छताचा पत्रा दुपारी कडकड वाजे. त्या दिवशी माझं एक गाणं बसवत होतो, विहिरीवरचं. उन्हाळाभर मी त्याचे शब्द घासले होते. दुसऱ्या कडव्यात भूषणचा हात भलतीकडेच गेला. निखिलेश थांबला.

"काय वाजवून राहिला तू?"

"मी नाही वाजवत," भूषण म्हणाला. "पाठ वाजवते. मी फक्त तिच्या मागं जातो."

त्यानं टी-शर्ट वर केला. मूग आता सुपारीएवढा झाला होता. निखिलेशनं वाकून कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. त्यानं डोकं उचललं तेव्हा त्याच्या कानाच्या पाळीवर एक पिवळसर थेंब होता. तो त्यानं पुसला नाही.

"मंजिरी, ऐक," तो म्हणाला.

मी कान लावला. कातडी ताणलेली होती आणि तव्यासारखी गरम. आतून कुणीतरी गात होतं, तोंडात घास असताना गावं तसं. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. त्या चालीत नवीन काही नव्हतं. ती फक्त बरोबर होती. एक सूर संपला की पुढचा तोच यायला हवा होता आणि तोच येत होता. एवढ्या वर्षांत मला एकदाही असं जमलं नव्हतं. मला ओकारी आली. मी कापसाचा बोळा घेऊन कान पुसला, मग दुसरा घेऊन पुन्हा पुसला.

"विहीर राहू दे," निखिलेश म्हणाला. "हे करू. अल्बम वगैरे नाही. हे एकच, सुटं रेकॉर्ड करू."

विहिरीचं गाणं कुणी पुन्हा काढलं नाही. मीही नाही.

घरी सासूबाईंना दाखवलं. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाच्या हातानं भूषणला उजेडात वळवलं, अंगठ्यानं गळवाच्या भोवती दाबून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "काहून घाबरून राहिली तू? माह्या बापाले बी आलं होतं. मांडीवर. भजन होतं ते. चार लोक ऐकायले यायचे. मग फुटलं अन् गेलं."

"त्यांचं पुढं काय झालं, आई?"

"कोनाचं? भजनाचं?"

"तुमच्या वडिलांचं."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "बसून राहायचे," त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी जवसाचं पोटीस शिजवलं आणि गरम गरम बांधलं. पोटिसानं गळू चढलं. सकाळी ते लिंबाएवढं होतं, मधोमध पांढरं तोंड आलं होतं आणि आवाज खोलीच्या दारापर्यंत ऐकू येत होता.

शब्द मात्र अजून लागत नव्हते. शब्द काढायचं काम माझ्यावर आलं, कारण बँडमध्ये शब्द माझ्याकडे होते. गळवाच्या कडेला हलकेच दाबलं की तोंडातून एक थेंब येई. तो कापसावर टिपला की कापूस तो शब्द बोले, एकदाच आणि बारीक आवाजात. न टिपता वाहू दिला तर शब्द वाया जाई. म्हणून मी एका हातानं दाबायची आणि दुसऱ्या हातानं टिपायची, आणि निखिलेश समोर बसून ऐकलेलं गुणगुणत राहायचा. बोळे तो स्टीलच्या ताटात ओळीनं मांडायचा. वास पिकून फुटलेल्या आंब्याचा होता आणि त्याच्यामागं ओल्या लोखंडाचा. मी नाकाला ओढणी बांधली. निखिलेशनं बांधली नाही. एकदा बोळा नीट ऐकू आला नाही तेव्हा त्यानं तो उचलून जिभेला लावला.

"'रान' आहे," तो म्हणाला. "'राम' नाही."

मी उठून मोरीत गेले. परत आले तेव्हा दोघं माझी वाट पाहत होते. भूषण उशीवर पालथा पडून होता, गाल दाबला गेल्यामुळं त्याचं बोलणं पसरट येत होतं.

"तुला माझी किळस येते का गं?"

"तुझी नाही."

"मग?"

"गाण्याची."

"ते माझंच आहे की," तो म्हणाला. मग हसला. "होऊ दे ना, मंजिरी. आपलं एक तरी होऊ दे."

भूषण असाच आहे. लग्नात बँडवाल्याला उशीर झाला तेव्हा स्वतःच्याच वरातीत त्यानं ताशा गळ्यात घातला होता. कुणी काही मागितलं तर नाही म्हणायला त्याला जमत नाही, मग मागणारं माणूस असो की गळू. मी पुन्हा बसले आणि दाबलं. मुखडा असा निघाला:

पिकलं रान, पिकलं ऊन,
पिकलं मन तुझ्यावाचून.

आणि त्याच्यापुढं, दोन दुपारी दाबल्यावर:

हळूच ठेव, हळूच धर,
बोट तुझं या माझ्यावर.

इथं गाणं अडायचं. शेवटचं जे काही होतं ते खाली, मुळाशी होतं. कितीही दाबलं तरी नुसतं रक्त येई, आणि रक्ताला शब्द नव्हते.

गळू नारळाएवढं झालं तेव्हा भूषण बारीक व्हायला लागला. त्याचं खाल्लेलं सगळं पाठीत जात होतं. मनगटं माझ्या मनगटांएवढी झाली, घड्याळ दंडावर चढवावं लागलं. त्यानं वरण-भात खाल्ला की गाणं थोडं जाड आवाजात येई, ताक प्यायला की पातळ. मी सहज त्याची नाडी पाहायला गेले तर मनगटाला काहीच लागलं नाही. मानेलाही लागलं नाही. छातीला कान लावला. छातीत शांत होतं, शाळेला सुट्टी लागल्यावर असतं तसं. ठोका सगळा मागं गेला होता.

मी त्याला रिक्षात घालून डॉक्टर रोठ्यांकडे नेलं. रिक्षात तो माझ्या मांडीवर पालथा होता. रिक्षावाला गांधी रोडवरून नेण्याऐवजी लांबून घेऊन गेला आणि उतरताना म्हणाला, "ताई, पूर्ण ऐकायचं होतं म्हणून फिरवली."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. थोड्या वेळानं त्यांचा बूट टेबलाच्या पायावर ठेका धरायला लागला.

"दुखतं का?"

"हो," भूषण म्हणाला.

"दुखणारच. चांगलं आहे."

"काय चांगलं आहे?" मी विचारलं.

"चाल."

"डॉक्टर, त्याची नाडी लागत नाही. हे कापून काढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं मी कुणाच्या घरी जेवायला बसून मीठ कमी आहे म्हणाले होते. "आत्ता? अहो, अंतरा सुरू आहे."

त्यांनी नर्सला बोलावलं. तिनं कान लावला आणि डोळे मिटले. तिनं बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांना सांगितलं. माणसं रांगेनं आत आली. एका म्हाताऱ्यानं चष्मा काढून कान लावला. एका बाईनं कडेवरच्या बाळाचा कान लावला, आणि ते रडायचं थांबलं. कुणी भूषणला कसा आहेस असं विचारलं नाही. तो तपासणीच्या टेबलावर पालथा पडून प्रत्येकाला "सावकाश, सावकाश" म्हणत होता, कारण त्यांना नीट ऐकू यावं अशी त्याची इच्छा होती. घरी आणलं तेव्हा त्याच्या पाठीवर अनोळखी माणसांच्या कानांचा मळ होता. मी तो स्पिरिटनं पुसला. स्पिरिट लागलं की गाणं "स्स" करून पुन्हा समेवर येई.

तेव्हा मी ठरवलं की गळू घरीच फोडायचं, रेकॉर्डिंगशिवाय. निखिलेशला कळवायचं नाही. सासूबाईंना मी म्हटलं, "आई, आज काढून टाकू. मला मदत करा." त्या तयार झाल्या. त्यांनी पाणी उकळलं, सुई विस्तवावर लाल केली, जुनं लुगडं फाडून पट्ट्या केल्या. आम्ही खिडक्या लावून घेतल्या. मी दोन्ही अंगठे गळवाच्या दोन बाजूंना ठेवले.

अंगठे टेकताच गाणं थांबलं.

मी दाबलं. गळू सपाट व्हायला लागलं, पण बाहेर काही आलं नाही. ते आत सरकत होतं. माझ्या अंगठ्यांखाली पाठ मऊ झाली, मग नुसती पाठ राहिली. सासूबाई म्हणाल्या, "गेलं का?" तेवढ्यात भूषण उठून बसला. त्याच्या गळ्याला फुगा आला होता. कातडी चकाकत होती. तो बोलायला गेला तर तोंडातून मुखड्याचा पहिला सूर आला आणि श्वास आलाच नाही. त्याचे ओठ निळे झाले. सासूबाई त्याची पाठ चोळत राहिल्या, मी त्याच्या तोंडात बोटं घातली. बोटांना आत काहीतरी गुळगुळीत लागलं, आणि ते माझ्या बोटांपासून लाजल्यासारखं मागं झालं.

मी फोन केला. निखिलेशनं काही विचारलं नाही. "फोन त्याच्या पाठीपाशी धर," एवढंच म्हणाला, आणि गिटारवर ती चाल धरली. पहिल्या फेरीला गळा उतरला. दुसऱ्या फेरीला पाठ वर आली. तिसऱ्या फेरीला गळू होतं तिथं होतं, आणखी मोठं, आणि गात होतं. भूषणनं श्वास घेतला.

"त्याला ऐकणारं कुणीतरी लागतं," निखिलेश फोनवर म्हणाला. "तू ऐकत नाहीस. उद्या स्टुडिओ ठरवतो."

मी हो म्हटलं.

स्टुडिओ धोटे नावाच्या माणसाचा होता, पापडाच्या कारखान्याच्या वर. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावून त्यावर मरून रंगाचं कापड ताणलं होतं. कापडाला हिंगाचा आणि उडदाचा वास मुरला होता. एसीचा आवाज येतो म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद करावा लागे. धोटे जाडजूड आणि शांत माणूस. त्यानं भूषणला गालिच्यावर पालथं झोपवलं, छातीखाली उशी दिली, आणि गळवाच्या भोवती माइक फिरवून पाहिला. एकदा अगदी तोंडापाशी आणला. तोंडातून एक बुडबुडा आला आणि जाळीवर फुटला.

"एवढं जवळ नको," धोटे म्हणाला, आणि रुमालानं माइक पुसून तोच रुमाल मानेवरून फिरवला. "कोण पिळणार?"

"मी," मी म्हटलं.

"एका दमात पिळायचं. मध्ये थांबलात तर जोड ऐकू येतो."

"त्याला काही झालं तर मी थांबणार."

धोट्यानं निखिलेशकडे पाहिलं. निखिलेश म्हणाला, "ती नाही थांबणार."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला मी कॉलेजपासून ओळखत होते. माझ्या लग्नात भूषणच्या मागं अंतरपाटाआड तोच उभा होता. आता त्याच्या कानाच्या पाळीवर तो पिवळा थेंब वाळून राळेसारखा घट्ट बसला होता, एखाद्या डुलासारखा. तो आनंदात होता. मला त्याचा कान उपटावासा वाटला, आणि मी हेडफोन लावले.

हेडफोनमधून गाणं माझ्या डोक्याच्या मध्यभागी आलं. कापसातून, दारातून, भिंतीतून ऐकलं होतं ते हे नव्हतं. आता घास गिळून झाला होता. आवाज स्वच्छ होता, आणि मला तो ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते आठवेना. निखिलेशनं गिटार धरली. काचेपलीकडून धोट्यानं हात वर केला आणि खाली आणला.

मी पिळलं.

पहिल्यांदा पिवळं आलं, मग हिरवट, मग पांढरं, दह्यासारखं. मुखडा आला. ते माझ्या बोटांमधून, मनगटांवरून, बांगड्यांच्या आतून वाहत होतं. गालिचा ते पीत होता. एसी बंद असलेल्या त्या खोलीत वास इतका दाट झाला की तो दातांना लागत होता. भूषण ओरडत नव्हता. दोन्ही हातांच्या बोटांनी तो जमिनीवर ताल देत होता, अगदी हलक्या हातानं, जसा तो दुसऱ्याचं गाणं असलं की देतो. अंतरा आला. मी अंगठे आणखी खाली रोवले. आत काहीतरी सुटलं, दोऱ्यासारखं, आणि मूळ वर यायला लागलं. ते करंगळीएवढं जाड होतं, पांढरं, आणि त्याला बारीक मुळ्या होत्या. प्रत्येक मुळी तुटताना भूषणचा एकेक पाय थरथरत होता. ते बाहेर येता येता शेवटच्या ओळी आल्या:

दाब जरा अन् सोडून दे,
घराघरातून सांडू दे.

मग मूळ सुटलं, माझ्या ओंजळीत पडलं, एकदा वळवळलं आणि विरघळून गेलं. खोलीत शांतता झाली. गिटारची तार अजून थरथरत होती. मी वाकले आणि ओकले. सकाळचा चहा, पोहे, सगळं. दोनदा, तीनदा, पोटात काही उरेनासं होईपर्यंत.

धोट्यानं आतून बटण दाबलं. त्याचा आवाज हेडफोनमध्ये आला.

"छान. ते शेवटचं ठेवू या."

"ते गाण्यात नाही," मी म्हटलं.

"आता आहे," निखिलेश म्हणाला.

मी भूषणला उताणा केला. त्याचा चेहरा कोरा आणि ताजा होता, न्हाऊन आल्यासारखा. "झालं?" त्यानं विचारलं. "कसं झालं?" मी म्हटलं, झालं. त्यानं पुन्हा विचारलं, "पण कसं झालं?" मी त्याला शर्ट घातला.

गाणं निघालं. नाव निखिलेशनं दिलं: "पिकलं". गायिका म्हणून माझं नाव होतं. माझा आवाज त्यात ओकारीपुरताच होता, आणि लोकांनी तोच उचलला. त्यांना ते हसू वाटलं. भाजीवाली म्हणाली, "ताई, शेवटी किती गोड हसता हो तुम्ही." शेजारच्या इंगळ्यांच्या लेकीनं तेवढंच कापून फोनला लावलं होतं, तिला फोन आला की मी भिंतीपलीकडे ओकायची. लग्नांत लावलं, बारशाला लावलं. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली त्याच्यावर नाचल्या आणि शेवटी सगळ्यांनी मिळून, पोटावर हात ठेवून, वाकून माझ्यासारखं केलं. टाळ्या थांबेनात. मी पुढच्या रांगेत पाहुणी म्हणून बसले होते, मांडीवर नारळ आणि शाल.

मी लोकांना सांगून पाहिलं. इंगळेबाईंना मी सरळ म्हटलं, "ते हसू नाही, मला उलटी झाली होती. ते गाणं पू आहे." त्या म्हणाल्या, "कलाकार माणसं. तुम्हाला तुमचं कधी आवडतच नाही."

निखिलेशच्या वडिलांनी दुकानात स्पीकर लावला. मी एकदा तिथं गेले. निखिलेश गल्ल्यावर बसला होता, खिळ्यांच्या पेट्यांच्या मध्ये, आणि गाणं चालू होतं. मी म्हटलं, "भूषणला बरं नाही. येऊन बघ तरी."

"का? जखम भरली नाही का?"

"नाही. आणि ठोका परत आला नाही."

"दुसरं येणार नाही, मंजिरी," तो कीव आल्यासारखा म्हणाला. "ते सुटं होतं. मी सांगितलं होतं तुला."

"मी गाण्याचं नाही बोलत."

पण गाणं शेवटाला आलं होतं, आणि त्यानं बोट वर करून मला थांबवलं, मी ओकून होईपर्यंत.

भूषणला दुखत नव्हतं. तो जेवायचा, अंगानं भरला होता, मनगटं पुन्हा त्याची झाली होती. पण तो बसून राहायचा. ड्रमसमोर बसवलं तर काठ्या हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसायचा, जणू कुणी ताटात बांबू वाढला आहे. चालताना त्याची पावलं एकसारखी पडत नसत. दोन लवकर, मग एक बऱ्याच वेळानं. बोलताना शब्दांमधल्या जागा चुकत. आणि छातीला कान लावला तर तीच सुट्टी. डॉक्टर रोठे म्हणाले, काही लोकांना नाही लागत नाडी. त्यांच्या दवाखान्यातही तेच गाणं चालू होतं.

रोज सकाळी त्याची आंघोळ झाली की मी जखम साफ करायची. तिच्यातून काही येत नसे. ती नुसती उघडी होती, लिंबाएवढी गोल, आणि आतून कोरडी, गुलाबी, हिरडीसारखी. मला अजूनही शिसारी यायची, पण आता ती माझ्या हातांची यायची, की ते इतके सरावले. एके सकाळी चिमट्यातून गॉज निसटलं आणि आत गेलं. मी दोन बोटं घातली. लागलं नाही. तळहात घातला. भूषण स्टुलावर बसून चहात टोस्ट बुडवत होता.

"दुखतंय?"

"नाही. थंड वाटतं. काय... पडलं का आत?"

"गॉज."

"राहू दे मग."

"राहू कसं दे?"

मी मनगटापर्यंत हात घातला, मग कोपरापर्यंत. बांगड्या काढून ठेवायचं सुचलं नाही, त्या आत किणकिणल्या आणि आवाज लांबून आला. आत जागा होती. भूषणच्या छातीत मावेल त्याहून जास्त. त्यानं चहाचा घोट घेतला तेव्हा माझ्या दंडाला वरून खाली ऊब लागत गेली. मी बोटं पसरून चाचपत राहिले. गॉज मिळालं नाही. अगदी टोकाला, बोटांच्या पेरांना, काहीतरी ओलं लागलं. बोराएवढं. मऊ. मला किळस आली आणि हात मागं घ्यावासा वाटला. तेवढ्यात ते हललं. मी मूठ मिटली.

मुठीत एक ठोका पडला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.

भूषणनं कप खाली ठेवला. "हे... काय केलंस?"

"माहीत नाही. काहीतरी आहे."

"धरून ठेव."

"बाहेर काढू?"

"नको. तिथंच धर. बरं वाटतंय," तो म्हणाला, आणि त्याच्या शब्दांमधल्या जागा बरोबर आल्या.

मी धरून ठेवलं. ठोके जवळ जवळ यायला लागले. माझ्या कोपराभोवती खाज सुटली म्हणून मी पाहिलं. जखमेचा काठ माझ्या हाताला चिकटला होता, सगळीकडून, बारीक तपकिरी रेघ धरून. मी हात ओढून पाहिला. मूठ मिटलेली असताना तो येत नव्हता. मूठ उघडली तर ते पडलं असतं, आणि आत खाली किती खोल होतं ते मला कळलं होतं.

"आई," मी हाक मारली. "आई, इकडे या."

सासूबाई पिठाचे हात घेऊन आल्या. त्यांनी भूषणला उजेडाकडे वळवलं, तसं मलाही वळावं लागलं. त्यांनी वाकून काठ नीट पाहिला, अंगठ्यानं भोवती दाबून पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा निवला.

"भरून राहिली जखम," त्या म्हणाल्या. "आता वढू नको बाई. पुन्हा वाहीन."

त्या पोळपाटाकडे परत गेल्या. काठ माझ्या कोपराच्या वर चढत होता, ओला, पातळ आणि चकाकणारा. मी डाव्या हातानं त्याला चिमटा काढून पाहिला. दोघांनाही दुखलं.